बैल कोणाचा?

त्या श्रावणात मी दुपारी फार पडून असायची. गाढ झोप नव्हे. डोळे मिटलेले, पंखा हळू लावलेला, बाहेर घटकेत ऊन नि घटकेत सर, आणि आपण जागे आहोत की नाही याची चौकशी करायला घरात कोणी नाही. यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. पहिल्या वर्षी दुपारी आडवी झाले की वाटायचं, आता चहा मागतील, आता मागतील. दुसऱ्या वर्षी ते वाटणंही थांबलं, आणि मग त्या रिकाम्या जागेत भलतंच काहीबाही येऊन बसायला लागलं. माहेरची विहीर यायची. मिरचीचं वावर यायचं. शाळेतल्या बाईंची निळी साडी यायची, नुसती साडी, बाईंचा चेहरा नाही. मी कोणालाच हाकलत नव्हते. घर मोठं होतं, सगळ्यांना जागा होती.

मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगलोरला. दोघंही गुणी आहेत असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे. रविवारी दोघांचे फोन येतात. मुलगा विचारतो, बीपीची गोळी घेतली का. मुलगी विचारते, गॅस बंद केला का. मी हो म्हणते. मग विषय संपतात आणि आम्ही हवेबद्दल बोलतो. नागपूरची हवा हा विषय देवाने आमच्यासारख्या मायलेकरांसाठीच केला असावा. बाराही महिने पुरतो.

म्हणून मुलाचा फोन बुधवारी आला तेव्हा मी उचलता उचलता कॅलेंडरवर वार पाहिला.

"आई, आपला तान्ह्या पोळ्याचा बैल आहे नं अजून?"

पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवायचे, दोरीने ओढत मैदानात न्यायचे, तोरणाखाली रांगेत उभे करायचे. तिथे खड्या आवाजात झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे कोणाची तरी टर उडवणाऱ्या चार ओळी आणि शेवटी हर हर महादेव. मग घरोघर हिंडून बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ नाहीतर एखादं नाणं. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही, पण माझ्या पुण्याच्या विहीणबाईंना मी तीनदा सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "अय्या, किती गोड!"

आमचा बैल सागवानी. दोन फूट उंच, वशिंडावर तळहात बरोबर बसतो. मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा यांनी तो एका म्हाताऱ्या सुताराकडून करवून घेतला होता. पोळा सोडला तर वर्षभर तो मागच्या खोलीतच असे, आणि मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून तिथे जुन्या गाद्यांच्या शेजारी तोंड भिंतीकडे करून उभा होता.

"आहे ना," मी म्हटलं. "तो कोठे जाते?"

"मग मले पाठव, तुझ्या नातवासाठी. इथं आपल्या मंडळाचा तान्हा पोळा आहे. सगळ्यांकडे प्लास्टिकचे बैल आहेत. आपला आणला तर एकदम ओरिजनल! पार्सलवाला घरी येईन, तोच पॅक करीन. तुले काहीच करायचं नाही. तू फक्त दार उघड."

'तुले काहीच करायचं नाही' हे वाक्य अलीकडे माझ्या वाट्याला फार येत होतं. प्रेमानेच येत होतं. लग्नकार्यात पाव्हणे म्हणत, "काकू, तुम्ही बसा." धंतोलीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावायला गेले की कोणीतरी चिठ्ठी हातातून घेई. बसून बसून मला कळेनासं झालं होतं की उभी असताना मी कोण होते.

मी मुलाला हो म्हणाले. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "देऊन टाक नं आई. किती जागा अडवून राहिला तो." आणि फोन ठेवला. घाईत असेल, असं मला वाटलं.

द्यायचाच आहे तर धुऊन-पुसून द्यावा म्हणून मी बैल ओढत बैठकीत आणला. ओल्या फडक्याने पाठ पुसली, शिंगं पुसली, तिळाचं तेल लावलं. लाकूड तेल प्यायलं आणि खालून त्याचा खरा रंग वर आला. पुसता पुसता मी तिथेच फरशीवर आडवी झाले. पंखा फिरत होता. तेलाचा वास येत होता. त्या दुपारी मला दिसलं की बैल चालतो आहे, त्याला चाकं नाहीत, चार खूर आहेत, आणि आम्ही मिरचीच्या वावरातून चाललो आहोत. दोन्हीकडे लाल मिरच्या वाकलेल्या. दोरी माझ्या हातात होती. तो मला कुठे नेत नव्हता आणि मीही त्याला कुठे नेत नव्हते. दोघं आपले चाललो होतो.

जागी झाले तर संध्याकाळ झालेली आणि हात मुठीत आवळलेला.

माझं माहेर भिवापूरकडचं. बापाचं मिरचीचं वावर, आणि गावाबाहेर एक सातरा, म्हणजे मोठं अंगण, जिथे बाया ओळीने बसून मिरचीचे देठ खुडायच्या. दिवसभर बोटांची आग व्हायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ती आग विसरायला बाया एकमेकींची टर उडवायच्या. सासूला, दिराला, मालकाला, कोणालाच सोडायच्या नाहीत, आणि सगळं यमकात. मी सात वर्षांची, आईशेजारी बसून ऐकायची. यमक कसं जुळवायचं ते मला कोणी शिकवलं नाही. तिथल्या खाटासारखंच, म्हणजे मिरचीच्या उडत्या तिखट धुळीसारखंच, ते अंगाला लागलं.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्याकडे निंबाचा लाकडी बैल होता. तान्ह्या पोळ्याला तो बैल ओढायचा आणि मी मागून पूजेचं ताट घेऊन चालायची. ताटात कुंकू, हळद, तांदूळ, दिवा. दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून मान वर करायची नाही. एका वर्षी मी आईला विचारलंच.

"मले बैल काहून नाही वं माय?"

"पोरीच्या जातीले बैल कायले पायजे? ताट धर सीधं."

पण झडती माझी असायची. भावाला एक ओळ जुळत नव्हती. एकदा मी त्याला करून दिली, पाटलाची नवी कौलं आणि आमच्या गळक्या घरातलं पातेलं घेऊन:

*पाटलाच्या घरावर नवे नवे कवेलू,*
*आमच्या घरात पानी गळे, गंज कोठं ठेवू?*

भाऊ छाती फुगवून ओरडला आणि सगळं गाव हसलं. पाटीलही हसला, आणि त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली. "पोट्टं हुशार हाय!" मी मागे ताट धरून उभी. भाऊ वाईट नव्हता. त्याने बोजाऱ्यातल्या दोन लिमलेटच्या गोळ्या मला दिल्या. मी त्या खाल्ल्या, आईवरचा राग मात्र कुठेतरी आत ठेवून दिला.

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा हे सगळं मागे पडलं. मग मुलाचा पहिला तान्हा पोळा आला आणि यांची पंचाईत झाली. हे सरकारी कचेरीत कारकून, टिपणं लिहिण्यात तरबेज. झडती काही सुचेना. मी पोळ्या लाटता लाटता चार ओळी सांगितल्या. यांनी त्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घेतल्या आणि मैदानात मुलाच्या वतीने म्हटल्या. त्या वर्षापासून ते ठरूनच गेलं. लोक यांना म्हणत, "साहेब, तुमची झडती म्हणजे ना, काही विचारू नका!" हे नुसते हसत. घरी येऊन जोडे काढता काढता मला म्हणत, "तुझी झडती चालली बरं का." बाहेर त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आपलं माणूस गेलं की त्याच्यावर रागावताना बरोबरी राहत नाही.

शुक्रवारी पार्सलवाला आला. भला माणूस होता. पाणी प्यायला, टेप काढून बैल उभा-आडवा मोजला, वहीत लिहिलं आणि डोकं खाजवलं.

"काकू, असा नाही जात हा. पाय वेगळे करावे लागतील."

"म्हणजे?"

"कापावे लागतील. तिकडं गेल्यावर फेविकॉल लावून जोडतात. काही समजत पन नाही."

मी बैलाकडे पाहिलं. तो तेल पिऊन चकचकीत उभा होता. मला काय झालं ते सांगता येत नाही. सदुसष्ट वर्षांत मी अनेकांना अनेक गोष्टी दिल्या आणि त्यातली बहुतेक मोजलीही नाहीत. पण त्या क्षणी मी वशिंडावर हात ठेवून बैलाच्या पुढे उभी राहिले.

"तुमचे पाय कापून तुम्हाले पाठवलं आन् तिकडे चिकटवलं, तर चालंन का तुम्हाले?"

"मी तं फक्त सांगून राहिलो, काकू."

"मग मीही सांगून राहिली. नाही पाठवायचा."

त्याला चहा पाजला, उगीच फेरी पडल्याबद्दल माफी मागितली आणि दार लावलं. मग मुलाला फोन केला. तिकडे पहाट होती. मुलगा आधी घाबरला, मग त्याला समजलं, मग तो हसला.

"आई, तू सिरियस आहेस? अगं, माझा बैल आहे तो."

"तुझा होता तर जाताना काहून नाही नेला?"

"दोन बॅगा अलाऊड होत्या नं! तू काय करशील त्याचं?"

मला एवढंच माहीत होतं की हा बैल आता घराबाहेर गेला तर माझ्याकडून एक गोष्ट कायमची राहून जाईल, आणि मग दुपारी कितीही डोळे मिटले तरी ती परत येणार नाही.

"ओढीन," मी म्हणाले.

मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू जेवण बराबर करून राहिली नं?"

तान्ह्या पोळ्याला सकाळपासून जुन्या नागपुरात मारबतींची, म्हणजे रोगराई नि इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. आमचा ले-आउट, म्हणजे आमची वसाहत, त्या गर्दीपासून लांब, पण मी गच्चीवर उभी राहिले की ढोलांचा आवाज आल्यासारखा वाटतो. दिवसभर मी बैल सजवला. शिंगांना बेगड लावली. गळ्यात घुंगरमाळ घातली. झूल करायला कापड नव्हतं, तेव्हा माझ्या एका जुन्या पैठणीचा पदर काढला. यांच्यानंतर ती नेसले नव्हते, आणि नेसायची हिंमत होईल असंही वाटत नव्हतं. बैलाच्या अंगावर मात्र ती झोकात बसली. शेवटी कुंकवाची वाटी घेतली आणि बोट तिथेच थांबलं. कोणी काही बोललं नव्हतं. बोलायला घरात होतंच कोण? मीच माझ्याशी बोलून घेतलं आणि बैलाच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला.

फाटकातून बाहेर पडले तेव्हा उन्हाला पिवळेपणा आला होता. रस्ता ओला होता. सिमेंटवर चाकांचा खडखडाट असा घुमला की शेजारची बाई हातात भाजीची जुडी घेऊन गॅलरीत आली.

"काकू, कोनाचा बैल घेऊन चालल्या?"

"माझा."

"आन् लेकरू कोठे आहे?"

मी चालतच राहिले, कारण मला तेव्हा फार हलकं वाटत होतं आणि बोललं तर ते उडून जाईल अशी भीती होती. दोरी हातात, मागे ओझं, आणि मान वर. मान वर करून चालता येतं ही साधी गोष्ट मला नवी होती. झाडं दिसत होती. तारांवर बसलेले पोपट दिसत होते. सात वर्षांची असताना मला अशा वाटेवर फक्त दिवा दिसला होता.

मैदानात हनुमानाच्या देवळापुढे तोरण लागलं होतं. चिल्लीपिल्ली नटूनथटून उभी, कोणी शेतकरी, कोणी सैनिक, कोणी कृष्ण. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर, गळ्यात माइक अडकवून नावं लिहीत होते.

"या या, काकू! नातू आला का अमेरिकेहून?"

"नाही."

"मग कोनाचं नाव लिहू?"

"माझं लिहा."

मास्तरांनी चष्मा खाली केला. "काकू, पाच वर्षांच्या आतल्यांचा एक गट, आन् पाच ते दहाचा एक. दहाच्या वरचे आपन घेत नाही."

"मग सात लिहा," मी म्हटलं. "सात वर्षांची होती तेव्हाचं राहून गेलं आहे."

आजूबाजूच्या आया हसल्या. एकदोघींनी फोन काढले. मला वाटलं होतं तोंड लपवावंसं वाटेल, पण मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकदा बैलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खरोखरच वहीत सात लिहिलं. मुलांना तर काहीच विशेष वाटलं नाही. कृष्ण झालेल्या एका पोराने सरकून मला रांगेत जागा दिली आणि म्हणाला, "आजी, तुमचा बैल भारी आहे."

झडतीसाठी माइक माझ्यापुढे आला. मी काही लिहून आणलं नव्हतं. तोरणाखाली उभी राहिले, आणि तो सातऱ्यातला बायांचा ठेका आपोआप जिभेवर आला:

*पोरगा गेला अमेरिकेले, पोरगी बंगलोरले,*
*म्हातारीनं बैल काढला, न इचारता पोराइले!*
*डोळ्यात आला मोतीबिंदू, चाल झाली वाकडी,*
*बैल आहे लाकडाचा, मी नाही ना लाकडी!*

"हर बोला!" मी ओरडले. आवाज फाटला. समोरून शंभर पोरांनी "हर हर महादेव!" केलं आणि देवळावरची कबुतरं उडाली. मास्तर माइक विसरून म्हणाले, "अरे बाप्पा! म्हणजे साहेबांच्या झडत्या..." मी हो म्हणून मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी कळलं होतं.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, कंपासपेटी. घरी आले तेव्हा पाय दुखत होते आणि मी एकटीच हसत होते. शेजारणीने काढलेला फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. मुलाने हसणारी दहा तोंडं पाठवली आणि लिहिलं, 'आई रॉक्स'. मुलीने फोटो पाहिला, एवढंच फोन सांगत होता. तिचा एक शब्द नाही.

तिचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मागे ऑफिसच्या बसचा आवाज होता.

"फोटो पाहिला. छान दिसून राहिली तू." मग थांबून, "आई, एक विचारू? मले काहून नाही दिला तू तो बैल कधी?"

"तो दादाचा होता नं बेटा," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं, हा आवाज माझ्या आईचा आहे.

"दादाले नकोच होता. दोरीनं हात दुखते म्हणून तो अर्ध्या रस्त्यात रडे. मग बाबा ओढत. आन् मी मागून ताट धरून. तू म्हणायचीस, दिवा विझला तर पाहून घेईन." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली खाली जात होता. "तू दुपारी झोपली की मी मागच्या खोलीत जात होती. त्याच्या मागच्या उजव्या पायाले चीर आहे. आहे नं अजून? ती मी पाडली. वर बसली होती. तू दादाले मारलं त्याच्यासाठी, आन् मी काही बोलली नाही. मले वाटलं, सांगितलं तर तू खोलीले कुलूप लावशील."

चीर होती. तेल लावताना मी तिच्यावरून बोट फिरवलं होतं आणि मनात म्हटलं होतं, माझा दांडगोबा मुलगा.

"कालचा फोटो पाहून मले आनंद झाला, खरंच," ती म्हणाली. "पण मी पूर्ण रात्र रडली. तुले माहीत होतं नं कसं वाटते ते? मग?"

तिचा स्टॉप आला. फोन बंद झाला. मी बैलासमोर बसून राहिले. साठ वर्षं मी आईवर राग धरला होता, मनातल्या मनात तिला उभं करून जाब विचारला होता, आणि त्याच साठ वर्षांत कधीतरी ताट उचलून माझ्या पोरीच्या हातात दिलं होतं. ते दिल्याचं मला आठवतही नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. यांची बाजू, मुलाचं पार्सल, माझं राहून गेलेलं बालपण, सगळ्यांचा हिशेब मी दुपारच्या झोपेत लावत होते, आणि पोरगी माझ्या स्वप्नातदेखील कधी आली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. फार लाज वाटली.

त्यानंतर दुपारी झोप लागेना. आडवी झाले की मागच्या खोलीत कोणीतरी हलक्या पावलांनी गेल्यासारखं वाटे. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, माझ्या झोपेवर लक्ष ठेवून. मी डोळे घट्ट मिटून घेई, तिला आत जाऊ द्यावं म्हणून.

चौथ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन बंगलोरचं तिकीट काढलं. खालचा बर्थ. आयुष्यात तिकीट नेहमी यांच्या खिशात असायचं. त्या दिवशी ते माझ्या पर्समध्ये होतं आणि मी दर दहा मिनिटांनी पर्स उघडून पाहत होते. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "एकटी? आई, बैल घेऊन?" मी म्हटलं, "एकटी कशी? बैल आहे नं."

बैलाला दोन गोधड्यांत गुंडाळलं. हमालाने तो खांद्यावर घेतला आणि विचारलं, "आजी, देव आहे का?" मी म्हटलं, "नाही, खेळणं आहे." गाडी सुटली, अजनी गेलं, बुटीबोरीच्या कारखान्यांची धुराडी मागे गेली. समोरच्या सीटवरच्या बाईने शिंग बाहेर आलेलं पाहून पाय जवळ ओढून घेतले. मी खिडकीशी डोकं टेकलं. बाहेर कपाशी, तूर, पाण्याने भरलेले नाले. दुपारी कितीतरी दिवसांनी डोळा लागला, आणि या वेळी कोणीच आलं नाही. नुसती गाडी चालत राहिली.

मुलगी बाराव्या मजल्यावर राहते. मी येणार एवढंच तिला माहीत होतं. रविवार होता. दार उघडलं तेव्हा ती घरातल्या गाऊनमध्ये, केस विंचरलेले नाहीत, कपाळावर चष्मा. जावयाने गोधड्या सोडल्या. बैल दाराबाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये उभा राहिला. पैठणीची झूल मी काढली नव्हती.

मुलगी बैलाकडे पाहतच राहिली. मी वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, यमकाशिवाय. त्यातले दोनच शब्द तोंडातून निघाले.

"माझं चुकलं," मी म्हणाले, आणि दोरी तिच्यापुढे धरली.

"आता? इथं?" तिने दोन्हीकडच्या बंद दारांकडे पाहिलं. "लोक पाहतील नं आई."

"पाहू दे."

ती खाली बसली. मागच्या उजव्या पायाच्या चिरेवरून तिने बोट फिरवलं. मग उठली, दोरी घेतली आणि चालायला लागली. आधी भराभर, कोणी बघण्याआधी संपवावं तशी, मग हळू. चाकं खडखडत होती. कोणाचं तरी दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. शेवटच्या खिडकीशी पोचल्यावर तिने बैल मागून अलगद उचलून वळवला, कारण त्याची पुढची चाकं वळत नाहीत. हे मुलाला कधी जमलं नव्हतं. अडतीस वर्षांची माझी मुलगी खिडकीच्या उजेडातून बैल घेऊन माझ्याकडे येत होती, आणि तिची मान वर होती.

तेवढ्यात सहा वर्षांची नात झोपेतून उठून डोळे चोळत बाहेर आली. बैल पाहून धावत सुटली आणि तिने दोरीला हात घातला.

"अम्मा, मला दे! मला ओढायचा आहे!"

आपल्या ताटातला शेवटचा घासही माझी मुलगी त्या पोरीला भरवते, मी पाहिलं आहे. तिने दोरी मुठीत घट्ट आवळली.

"थांब," ती म्हणाली. "आधी माझं होऊ दे."